पॅडॉकपर्यंत पोचवणाऱ्या शर्यती : कमी खर्चात मोटरस्पोर्ट प्रत्यक्ष कसं बघायचं

अबू धाबी किंवा सिंगापूरला जाऊन फॉर्म्युला वन बघायचं म्हटलं तर विमान, हॉटेल आणि तिकीट मिळून माणशी लाखाचा आकडा सहज ओलांडतो. एवढं करून गाडी दिसते ती जाळीपलीकडून, लांबून, क्षणभर. आपल्या देशात मात्र वर्षभर राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यती होत असतात. तिथे प्रवेश बऱ्याचदा मोफत किंवा नाममात्र असतो, आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, इंजिन उघडून बसलेल्या मेकॅनिकपासून तुम्ही दोन हातांवर उभे राहू शकता. माझं स्पष्ट मत आहे की मोटरस्पोर्टची खरी गोडी लागते ती अशा ठिकाणी. म्हणून शर्यत निवडताना ती किती प्रसिद्ध आहे ते बघू नका. आपल्याला गाडीच्या किती जवळ जाता येईल, ते बघा.

तारखा कशा शोधायच्या

भारतातल्या मान्यताप्राप्त शर्यती एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, या संस्थेच्या छत्राखाली होतात. संस्थेच्या संकेतस्थळावर वर्षाचं कॅलेंडर असतं. सर्किट रेसिंग, रॅली, सुपरक्रॉस, कार्टिंग, ड्रॅग, ऑफरोड असे त्यात प्रकार पाडलेले असतात. पण केवळ त्या कॅलेंडरच्या भरवशावर रेल्वेचं आरक्षण करू नका, कारण पाऊस, निवडणुका, स्थानिक परवानग्या अशा कारणांनी तारखा पुढे-मागे होतात.

खात्रीचा कागद म्हणजे ‘सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स’. आयोजक क्लब अजिंक्यपद स्पर्धेच्या प्रत्येक फेरीआधी, म्हणजे टप्प्याआधी, ही पूरक नियमावली प्रसिद्ध करतो. लोक तिला नुसतं ‘एसआर’ म्हणतात. ती स्पर्धकांसाठी असली तरी प्रेक्षकाला लागणारं जवळपास सगळं तिच्यात सापडतं: गाड्यांची तपासणी कुठे, सराव किती वाजता, सर्व्हिस पार्क (रॅलीच्या गाड्या दुरुस्त करायची जागा) कुठे, कोणत्या शर्यतीला किती लॅप (ट्रॅकच्या चकरा). एसआर हाती आली की मगच परत न मिळणारे पैसे खर्च करा. फेरी आठवड्यावर आली की आयोजक क्लबचं समाजमाध्यमांवरचं पान रोज बघत जा. प्रवेश मोफत आहे की पास लागतो, आणि गाडी कुठे लावायची, हे तिथे कळतं.

पहिली शर्यत म्हणून कोइम्बतूर

कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी कारी मोटर स्पीडवेचं नाव घेतो. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला हा ट्रॅक आहे. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर, सुरू झाला २००३ मध्ये. नाव आहे एस. करिवर्धन यांचं. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका आसनाची रेसिंग गाडी घडवली, आणि परदेशी गाडी परवडत नसलेल्या मुलांना शर्यतीत उतरायची वाट मिळाली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनही याच शहरातला. त्यामुळे कोइम्बतूरमध्ये रिक्षावाल्यालासुद्धा ‘रेस ट्रॅक’ म्हटलं की कळतं.

ट्रॅक छोटा असण्याचा प्रेक्षकाला फायदाच होतो. गाड्या दर मिनिटा-सव्वा मिनिटाने पुन्हा समोर येतात, आणि एका जागी उभं राहून बरीचशी शर्यत नजरेच्या टप्प्यात राहते. जेके टायर राष्ट्रीय रेसिंग अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या इथे होतात. त्यात दोन गटांकडे खास लक्ष द्या.

पहिला एलजीबी फॉर्म्युला ४. एलजीबी ही कोइम्बतूरचीच कंपनी. मोटरसायकलच्या ‘रोलॉन’ चेन बनवते तीच. या गाड्यांना मारुती सुझुकीच्या साध्या रस्त्यावरच्या गाडीतलं इंजिन असतं आणि सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतात. कुणाकडे जास्त ताकद नसल्याने सरळ रस्त्यावर पुढच्याच्या पाठीला चिकटून, त्याने फोडलेल्या हवेचा फायदा घेऊन पुढे जाणं, हा एकच मार्ग उरतो. पाच-सहा गाड्यांचा घोळका एकमेकांत हातभर अंतर ठेवून वळणावर येतो, आतल्या बाजूला एकजण घुसतो, दोघं रुंद जातात आणि तिसराच पुढे निघून जातो. फॉर्म्युला वनच्या पूर्ण शर्यतीत दिसत नाहीत एवढी ओव्हरटेकिंग इथे काही लॅपमध्ये दिसतात.

दुसरा रॉयल एनफील्ड कॉन्टिनेंटल जीटी कप. २०२१ मध्ये सुरू झालेली ही शर्यत ६५० सीसीच्या मोटरसायकलींवर होते. गाडी जड, तिचा आवाज भरदार, आणि वळणावर रायडरला तिला अंगाने ओढून घ्यावं लागतं. ती मेहनत कुंपणापाशी उभं राहिलं की स्पष्ट दिसते.

आता प्रत्यक्ष जायचं कसं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी कोइम्बतूर एक्सप्रेस पुणे, सोलापूरमार्गे जाते. प्रवास दीड दिवसाच्या आसपास, स्लीपरचं भाडं हजाराच्या आत. गुरुवारी पोचता येईल अशा बेताने निघा. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी आणि काही शर्यती, रविवारी उरलेल्या शर्यती, असा साधारण क्रम असतो. फक्त रविवार गाठणाऱ्यांचं अर्धं बघायचं राहून जातं, कारण शुक्रवारी पॅडॉक निवांत असतो आणि ड्रायव्हर-मेकॅनिकांना बोलायला सवड असते. रविवारी दुपारी त्याच माणसांना मान वर करायला वेळ नसतो. राहायला कोइम्बतूर जंक्शन किंवा गांधीपुरमच्या आसपास लॉज बघा, म्हणजे जेवणाची सोय आपोआप होते.

पॅडॉकमध्ये जाण्यासाठी पास लागतो का, हे प्रवेशद्वारावर थेट विचारा. आत सोडलं की दोन पथ्यं पाळा. गाडीला हात लावायचा नाही, आणि हेल्मेट चढवलेल्या माणसाशी बोलायचं नाही. शर्यत संपल्यावर मात्र जरूर बोला. टायर का झिजला, गिअरिंग का बदललं, असं विचारणारा माणूस भेटला की मेकॅनिक जेवण बाजूला ठेवून समजावून सांगतात.

चेन्नई : मोठा ट्रॅक, मोठा वेग

मद्रास इंटरनॅशनल सर्किट चेन्नईपासून साधारण ४० किलोमीटरवर, बेंगळुरूच्या महामार्गालगत इरुंगट्टुकोट्टईला आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधलेला हा ट्रॅक १९९० पासून वापरात आहे. लांबी ३.७ किलोमीटर, वळणं १२. त्याआधी हा क्लब शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवायचा.

इथे मोटरसायकल राष्ट्रीय स्पर्धेची फेरी निवडा. टीव्हीएस, होंडा यांच्या स्वतंत्र मालिका त्याच शनिवार-रविवारी होतात, त्यामुळे दिवसभर ट्रॅक रिकामा राहत नाही. होंडाच्या टॅलेंट कपात अगदी कोवळ्या वयाची मुलं धावतात. मुख्य सरळ रस्ता संपून पहिलं वळण येतं, त्याला सगळे ‘सी-वन’ म्हणतात. पूर्ण वेगात आलेली मोटरसायकल तिथे झुकते ते बघण्यासाठी त्या बाजूचीच जागा धरा.

चेन्नईहून पूनामल्लीमार्गे श्रीपेरुंबुदूर किंवा कांचीपुरमकडे जाणाऱ्या बस या महामार्गाने जातात. संध्याकाळी मात्र परतीच्या बसला कारखान्यांची शिफ्ट सुटल्याची गर्दी असते, तेव्हा थोडं आधी निघा किंवा थोडं उशिरा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा. त्या काळातली फेरी असेल तर रेनकोट घ्या. ओल्या ट्रॅकवरची शर्यत चुकवू नका, कारण कोण खरोखर चांगलं चालवतो ते पाण्यात कळतं.

याच ट्रॅकवर राष्ट्रीय ड्रॅग रेसिंगही होतं. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ, दोन-दोन गाड्या. नियम समजायला मिनिट लागत नाही, म्हणून चेन्नईला लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर तेच बरं.

रॅली : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात थरारक, आणि तयारी मागणारी

सर्किटवर तुम्ही एका जागी बसता. रॅलीत गाड्या तुमच्या शोधात येत नाहीत, तुम्हाला त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. रानातला, चहा-कॉफीच्या मळ्यांतला किंवा पवनचक्क्यांमधला कच्चा रस्ता काही तास बंद करतात आणि एकेक गाडी ठरावीक अंतराने सोडून तिला लागणारा वेळ मोजतात. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ‘स्पेशल स्टेज’. दोन स्टेजच्या मधला प्रवास नेहमीच्या वाहत्या रस्त्यावरून, वाहतुकीचे नियम पाळून. तिकीट बहुतेक ठिकाणी नसतंच.

भारतीय राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या चेन्नई, कोइम्बतूर, बेंगळुरू परिसर, चिकमगळूर, कोडगू अशा भागांत होत आल्या आहेत. पुणे, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांना चिकमगळूर सोयीचं. मिरज-हुबळीमार्गे बेंगळुरूला जाणाऱ्या गाडीने कडूरला उतरायचं, तिथून चिकमगळूर ४० किलोमीटर. कॉफीच्या खाजगी मळ्यांतून जाणारे तिथले स्टेज अरुंद असतात, दोन्ही बाजूंना झाडं आणि मध्ये लाल माती.

तयारी अशी करा.

एसआरमध्ये वेळापत्रकाचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक स्टेजचा क्रमांक, लांबी, रस्ता बंद होण्याची वेळ आणि पहिली गाडी येण्याची वेळ दिलेली असते. एकच रस्ता सकाळी आणि दुपारी पुन्हा वापरलेला दिसेल, फक्त क्रमांक बदललेला. असा दोनदा धावणारा स्टेज निवडा आणि दिवसभरात तो एकच धरा. सगळे स्टेज गाठायच्या नादात लोक दिवसभर भाड्याच्या गाडीत बसून राहतात आणि हाती धूळच लागते.

रस्ता बंद होण्याच्या किमान तासभर आधी पोचा. एकदा बंद झाला की आत येता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. पाणी, खाणं, टोपी, औषधं हे सगळं सोबतच हवं. मोबाइलला रेंज नसेल असं धरून चाला. आयोजकांनी प्रेक्षकांसाठी जागा ठरवून दिली असेल तर तिथेच थांबा.

उभं कुठे राहायचं, याबाबत तडजोड नको. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभं राहू नका, कारण ब्रेक चुकलेली गाडी तिकडेच येते. वळणापुढे सरळ जाणारी मोकळी वाट दिसली तर तीही टाळा. रस्त्यापेक्षा उंच जागा शोधा. बांध, दरड, दगडी कठडा चालेल, आणि मागे सरकायला जागा मोकळी हवी. झाडाच्या बुंध्याला टेकून उभं राहिलात तर पळायला वाट उरत नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. मार्शलने, म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने, शिट्टी वाजवली की रस्ता ताबडतोब मोकळा करायचा.

स्पर्धकांआधी ‘झिरो कार’ रस्ता तपासत जाते. ती गेली की समजा आता कुठल्याही क्षणी. पहिली गाडी दिसण्याच्या खूप आधी ऐकू येते. डोंगराच्या पलीकडून इंजिनाचा आवाज चढतो, गिअर पडताना तुटतो, मधेच गडप होतो आणि मग एकदम जवळून उसळतो. गाडी वळणाच्या आधीच आडवी झालेली असते, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला, मागची खडी उधळत, आणि दोन सेकंदांत ती नाहीशी. मागे उरलेली धूळ खाली बसायच्या आत पुढच्या गाडीचा आवाज सुरू होतो. फोक्सवॅगन पोलो इथे बऱ्याच दिसतात. मारुती जिप्सींचाही स्वतंत्र गट असतो, त्या शेवटाकडे येतात, तेव्हा आघाडीच्या गाड्या गेल्या म्हणून निघू नका. उंच, हलकी जिप्सी खड्ड्यावरून चारही चाकं उचलून जाते तेव्हा गावकरी टाळ्या वाजवतात. सगळ्यात शेवटी ‘स्वीप कार’ जाते. तोवर रस्त्यावर उतरायचं नाही.

सकाळची फेरी झाली की सर्व्हिस पार्क गाठा. माझ्या मते रॅलीचा आत्मा तिथे आहे. मोकळ्या मैदानात ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यावर जॅक, पाने, सुटे शॉकअप, टायरांच्या चळती. गाडी येते ती मातीने माखलेली, एखादं चाक वाकडं. आल्याबरोबर ती स्टँडवर चढते, चारही चाकं निघतात. एकजण खालून मातीचे गोळे पाडतो, दुसरा ब्रेक पॅड बघतो, तिसरा कडेला उभा राहून उरलेली मिनिटं मोठ्याने सांगतो. काम करायला वीस-तीस मिनिटंच मिळतात, आणि बाहेर पडायला एक मिनिट उशीर झाला की दहा सेकंदांचा दंड बसतो. स्टेजवर जीव धोक्यात घालून मिळवलेले दहा सेकंद एका हट्टी नट-बोल्टापायी जाऊ शकतात. शेजारी नॅव्हिगेटर, म्हणजे गाडीत ड्रायव्हरला रस्ता सांगणारा साथीदार, खुर्चीत बसून वहीतल्या पेस नोट्समध्ये दुरुस्त्या करत असतो. प्रत्येक वळणाची तीव्रता, चढ, दगड, सगळं त्या वहीत. कुंपणाबाहेरून हे सगळं फुकट बघायला मिळतं, आणि मी तासन्‌तास बघू शकते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात काय?

पुणे आणि नाशिक ही मोटोक्रॉस-सुपरक्रॉसची, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरच्या मोटरसायकल शर्यतींची, जुनी गावं. राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या इथे वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. ऋग्वेद बारगुजेसारखे राष्ट्रीय स्तरावर जिंकणारे रायडर पुण्यातून आले. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच फेरी बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली, परदेशी रायडरांसह. लीगला तिकीट असतं. क्लबच्या फेऱ्यांना बहुधा नसतं किंवा किरकोळ असतं. मातीचे उंचवटे बांधून केलेला हा ट्रॅक मैदानात मावतो, त्यामुळे प्रेक्षकाला सुरुवातीच्या फाटकापासून शेवटच्या उडीपर्यंत सगळं दिसतं. मुलांना पहिल्यांदा नेताना हाच प्रकार निवडा.

कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. आठ-दहा वर्षांची मुलं खऱ्या रेसिंग कार्टमध्ये, आई-वडील कुंपणाला नाक लावून. घरात कुणाला या खेळात उतरायचं असेल तर खर्च, सराव, वयोगट याची खरी माहिती अशा पॅडॉकमध्ये बसलेल्या पालकांकडून मिळते.

नवी मुंबईत पावसाळ्यात भरणारी मान्सून स्कूटर रॅली हा अस्सल इकडचा प्रकार. साध्या स्कूटर, चिखल आणि धो धो पाऊस. आणि गोव्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज, आरएफसी इंडिया. मूळ स्पर्धा मलेशियातली, भारतात २०१४ पासून. फोर-बाय-फोर गाड्या ओढ्यातून, चिखलाच्या भिंतींवरून विंचच्या (गाडीला बसवलेल्या, दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) दोराने स्वतःला ओढत नेतात. वेगापेक्षा डोकं आणि सहचालकाचे हात महत्त्वाचे. पावसाळ्यात गोव्यात राहणं स्वस्त असतं, हा आणखी एक फायदा. इथे गुडघ्यापर्यंतचे गमबूट न्याच. आणि ताणलेल्या विंचच्या दोराच्या रेषेत कधीही उभं राहू नका, तुटला तर तो हाडं मोडतो.

बॅगेत काय हवं

कानाचे बोळे सगळ्यात आधी. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. मुलांसाठी कान झाकणारे हेडफोनसारखे संरक्षक घ्या, त्यात काटकसर नको. टोपी, पाण्याच्या बाटल्या, पायात बंद बूट. रॅलीला फिक्या रंगाचे कपडे घातलेत तर ते कायमचे तांबडे होतील. तोंडाला बांधायला सुती रुमाल. सुटे पैसे, कारण ट्रॅकवरच्या टपरीला ऑनलाइन पैसे घ्यायला रेंज असेलच असं नाही. ड्रोन नेऊ नका.

झेंड्यांचे अर्थ आदल्या रात्री वाचून ठेवा: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे शर्यत थांबली, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, आत ये. एवढं माहीत असलं की समालोचन ऐकू न येताही शर्यत उलगडते.

परदेशात असाल तर

जर्मनीत राहणाऱ्या मराठी इंजिनिअर मंडळींना माझं एकच सांगणं: न्यूरबर्गरिंगची एनएलएस मालिका बघा. २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफे या ट्रॅकवर बहुतेक चार तासांच्या शर्यती, आणि माफक तिकिटात पॅडॉक व शर्यतीआधी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या असतात तिथे, फेरफटका. ब्रुनशेनसारख्या जंगलातल्या जागांवरून तर फुकट दिसतं. इंग्लंडात असाल तर शेल्सली वॉल्श. १९०५ पासून चालू असलेली, हजार यार्डांची चढणीवरची शर्यत, आणि गाड्यांमधून मोकळेपणी फिरता येतं.

एक-दोनदा बघून झाल्यावर : मार्शल व्हा

ट्रॅकच्या सगळ्यात जवळ उभा राहतो तो मार्शल, आणि त्याला तिकीट लागत नाही. झेंडे दाखवणं, अडकलेली गाडी बाजूला घेणं, रॅलीत वेळ नोंदवणं, प्रेक्षक सांभाळणं ही कामं स्वयंसेवक करतात. आयोजक क्लबना अशी माणसं कायम हवी असतात. फेरीआधी क्लबला मेल करा, वय, शहर आणि कोणते दिवस मोकळे आहात ते लिहा. आधी प्रशिक्षण किंवा माहितीसत्र असतं, त्याला बसावंच लागतं. शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत हजेरी, दिवसभर उन्हात उभं राहणं आणि जेवण पाकिटातलं. मोबाइल खिशात ठेवायचा, फोटो काढायचे नाहीत आणि धावत्या ट्रॅककडे पाठ करायची नाही, हे नियम पहिल्याच सत्रात सांगतात. पहिल्या वेळी अनुभवी मार्शलच्या हाताखाली नेमणूक मागून घ्या, आणि सर्किटवर असाल तर वळणावरची चौकी मागा.